‘काहीतरी चुकलं’ म्हणायचं कधी?

वाचकाचं पत्र

स्प्रिंग बूटवर (जावामधल्या वेब ॲप्लिकेशनच्या तयार चौकटीवर) चालणारं एक ॲप्लिकेशन माझ्याकडे आयतं आलं आहे. पानं तयार करायची दोन साधनं आहेत: जुनी पानं जेएसपीत, नवी थाइमलीफमध्ये. जवळपास प्रत्येक कंट्रोलरमध्ये, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या क्लासमध्ये, चूक पकडणारा ट्राय-कॅच आहे आणि कॅचमध्ये एक्सेप्शनचा (कोडने फेकलेल्या चुकीचा) गेटमेसेज, म्हणजे तिचा मजकूर, उचलून थेट पानावर छापला जातो. वापरकर्ते आम्हाला ‘फेल्ड टू कन्व्हर्ट प्रॉपर्टी व्हॅल्यू’ असले स्क्रीनशॉट पाठवून ‘म्हणजे काय?’ असं विचारतात. आमचे सिनियर म्हणतात, सगळे कॅच उडव आणि सगळीकडे एकच मेसेज ठेव, ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. सुरक्षेच्या दृष्टीने तेच बरं. टेस्टिंगच्या ताई म्हणतात, असला मेसेज ठेवलास तर दर पानामागे एक बग नोंदवीन. त्यात रीडायरेक्ट केलं की मेसेज गायब होतो, मराठी मेसेज कुठे प्रश्नचिन्हांत तर कुठे भलत्याच अक्षरांत दिसतात, आणि नव्या पानांवर चूक टोस्टमध्ये (आपोआप नाहीशा होणाऱ्या छोट्या चौकटीत) तीन सेकंद दिसून जाते. कुणाचं ऐकू आणि सुरुवात कुठून करू?

— मधल्यामध्ये अडकलेला

उत्तर

नमस्कार,

तुमचे सिनियर आणि ताई दोघंही बरोबर बोलताहेत. फक्त सिनियरांच्या डोळ्यांसमोर बंद पडलेला डेटाबेस आहे आणि ताईंच्या डोळ्यांसमोर रिकामी राहिलेली जन्मतारीख. तुमच्या कोडमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच कॅचमध्ये येऊन पडतात, म्हणून हा वाद मिटत नाही.

मेसेज काय लिहायचा हे ठरवण्याआधी प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारा: ही दुरुस्त कोण करू शकतं? वापरकर्ता करू शकत असेल तर त्याला नेमकं सांगा, त्याच पानावर, त्याच फील्डच्या खाली. ती आपल्यालाच निस्तरायची असेल तर त्याला टेबलचं नाव सांगून काय उपयोग? तिथे सिनियरांचा मेसेज योग्य, थोडी भर घालून. मधे एक तिसरा प्रकार असतो आणि तो नेहमी विसरला जातो. चूक कुणाचीच नसते, परिस्थिती बदललेली असते. समजा, तुमचा वापरकर्ता फॉर्म भरत असताना दुसऱ्या कुणीतरी तीच नोंद बदलून सेव्ह केली. हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) ऑप्टिमिस्टिक लॉकचं, म्हणजे नोंद मधेच बदलल्याचं, एक्सेप्शन फेकतं आणि सध्याच्या कोडमध्ये त्याचा इंग्रजी मजकूर पानावर जातो. हा बग नाही आणि वापरकर्त्याची चूकही नाही. त्याला सांगायचं ते असं: ‘तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर ती दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे. ताजी नोंद पाहून तुमचे बदल पुन्हा करा.’ आणि त्याने लिहिलेलं फेकून देऊ नका. अर्धा तास भरलेला फॉर्म कोरा होऊन परत आला की मेसेज कितीही गोड असो, माणूस चिडणारच.

आता त्या स्क्रीनशॉटकडे येऊ, कारण त्यात एक गंमत आहे. ‘फेल्ड टू कन्व्हर्ट प्रॉपर्टी व्हॅल्यू ऑफ टाइप जावा डॉट लँग डॉट स्ट्रिंग टू रिक्वायर्ड टाइप जावा डॉट लँग डॉट इंटिजर’ हा मजकूर तुमच्या कॅचमधून आलेलाच नाही. सिनियर म्हणतात तसे सगळे कॅच उडवलेत तरी तो दिसत राहील. फॉर्ममधलं वयाचं फील्ड इंटिजर आहे, वापरकर्त्याने तिथे ‘तीस’ असं लिहिलं. स्प्रिंग ते ऑब्जेक्टमध्ये भरायला गेलं, रूपांतर जमलं नाही, म्हणून त्याने ती चूक बाइंडिंगरिझल्टमध्ये, म्हणजे फॉर्मच्या चुकांच्या यादीत, नोंदवली आणि तुमचा स्वतःचा मजकूर सापडेना म्हणून आपला ठरलेला इंग्रजी मजकूर जोडला. तुमची व्हॅलिडेशनची ॲनोटेशन्स (फील्डवर लिहिलेले तपासणीचे नियम) या टप्प्यावर त्या फील्डपुरती उपयोगी पडत नाहीत. तपासायला मूल्यच नाही. उपाय मेसेजच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये आहे, जिथे प्रत्येक किल्लीपुढे तिचं वाक्य लिहिलेलं असतं. स्प्रिंग ‘टाइपमिसमॅच’ने सुरू होणाऱ्या किल्ल्या क्रमाने शोधतं: आधी ऑब्जेक्ट आणि फील्ड दोन्हींची नावं जोडलेली, मग नुसत्या फील्डची, मग इंटिजर किंवा लोकलडेट अशा प्रकाराची, आणि शेवटी नुसती ‘टाइपमिसमॅच’. प्रकारांसाठी चार-पाच ओळी लिहिल्यात तर सगळ्या ॲप्लिकेशनमधले असले स्क्रीनशॉट एका दमात थांबतील. इंटिजरसाठी ‘इथे पूर्णांक लिहा, उदाहरणार्थ ३०’ आणि तारखेसाठी तुम्हाला हवा असलेला नमुना, एवढं पुरे. ही तुमची पहिली दुरुस्ती, आणि तिला जावाची एक ओळही लागत नाही.

गेटमेसेज पानावर का नको, हेही सांगतो, कारण ‘सुरक्षा’ एवढंच कारण दिलं की लोक मान डोलावतात आणि पुन्हा तेच लिहितात. एक्सेप्शनचा मजकूर ज्याने लिहिला त्याच्या मनात तुमचा वापरकर्ता नव्हताच. त्याच्या मनात लॉग वाचणारा प्रोग्रामर होता. शिवाय तो मजकूर तुमच्या ताब्यात नाही, लायब्ररीची आवृत्ती बदलली की तोही बदलतो. नलपॉइंटरचंच, म्हणजे नसलेल्या ऑब्जेक्टवर काही करायला गेल्यावर येणाऱ्या एक्सेप्शनचंच बघा. जुन्या जावामध्ये जेव्हीएमने (जावा चालवणाऱ्या यंत्रणेने) फेकलेल्या नलपॉइंटरचा गेटमेसेज नल यायचा, म्हणून पानावर लाल अक्षरांत नुसतं ‘नल’ दिसायचं. जावा १५ पासून तोच मजकूर मूळ सेटिंगमध्येच सविस्तर येतो, कुठल्या क्लासची कुठली मेथड कशावर बोलावता आली नाही ते सांगत. लॉगमध्ये ही सोन्यासारखी माहिती आहे. पानावर तीच म्हणजे तुमच्या कोडची आतली रचना अनोळखी माणसाच्या हातात दिल्यासारखं आहे. एसक्यूएलच्या एक्सेप्शनमध्ये टेबलांची आणि कन्स्ट्रेंटची (डेटाबेसमधल्या नियमांची) नावं असतात, फाइलच्या एक्सेप्शनमध्ये सर्व्हरवरचा पूर्ण पत्ता. सिनियरांचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा.

म्हणून नियम सोपा ठेवा: पानावर जाणारा प्रत्येक शब्द तुमच्या मेसेज फाइलमधून यावा. तुमच्या कामकाजाच्या नियमांसाठी स्वतःचा एक एक्सेप्शन क्लास करा. त्यात वाक्य ठेवू नका, मेसेजची किल्ली आणि तिला लागणारी मूल्यं ठेवा. वाक्य कुठल्या भाषेत दाखवायचं ते पान दाखवताना ठरेल.

फॉर्मच्या चुकांमध्ये जरा रेंगाळतो, कारण ताईंचे बहुतेक बग इथलेच असणार.

पहिली गोष्ट, बाइंडिंगरिझल्टची जागा. कंट्रोलरच्या मेथडमध्ये तो व्हॅलिड ॲनोटेशन लावलेल्या ऑब्जेक्टच्या लगेच पुढचा पॅरामीटर हवा. मधे कुणी मॉडेल (पानाला द्यायच्या माहितीचा ऑब्जेक्ट) घुसवलं की चूक असलेला फॉर्म तुमच्या मेथडपर्यंत पोचतच नाही, ४०० (चुकीची विनंती) होऊन परत जातो. बरोबर भरलेल्या फॉर्मवर चाचणी करणाऱ्याला हे लवकर लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त छळते. फॉर्म परत येतो, पण पानावर एकही लाल अक्षर नाही. वापरकर्ता बटण दाबत राहतो. बहुतेक वेळा कारण असं असतं: ‘समाप्तीची तारीख सुरुवातीच्या आधीची नको’ असा नियम अख्ख्या क्लासवर लावलेला असतो. तो मोडला की चूक कुठल्याही एका फील्डच्या नावावर नोंदली जात नाही, ऑब्जेक्टच्या नावावर जाते. टेम्प्लेटमध्ये फक्त फील्डशेजारच्या चुका दाखवायची सोय असेल तर ती कुठेच दिसत नाही. थाइमलीफमध्ये ग्लोबल चुका आणि जेएसपीत फॉर्म-एरर्स टॅगचा पाथ न दिलेला प्रकार, यासाठी फॉर्मच्या वर एक जागा राखून ठेवा. किंवा तो नियम तपासताना चूक समाप्तीच्या तारखेच्या फील्डवर नोंदवा. मला दुसरं जास्त आवडतं, कारण नजर तिथेच जायला हवी. तरीही वरची जागा ठेवाच. पानावर नसलेल्या फील्डवर नियम लागलेला असला तर त्याची चूकही अशीच हरवते, पण ती ग्लोबल चुकांत येत नाही, तिच्यासाठी तिथे सगळ्याच चुका दाखवाव्या लागतात.

तिसरी: रिकाम्या फील्डखाली दोन ओळी येतात, ‘नाव लिहा’ आणि ‘नाव २ ते ३० अक्षरांचं हवं’. रिकामेपणा तपासणारं नॉटब्लँक आणि लांबी तपासणारं साइझ, दोघांनीही हात वर केलेला असतो. त्यातून व्हॅलिडेटर चुका सेटमध्ये देतो, म्हणजे त्यांचा क्रम ठरलेला नसतो. आज एक ओळ वर, उद्या दुसरी. ग्रुप सीक्वेन्स लावून आधी रिकामेपणा आणि मग लांबी तपासता येते. एवढा खटाटोप नको असेल तर साइझमधली किमान मर्यादा खरंच हवी आहे का ते विचारा. बहुतेकदा नको असते.

चौथी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांच्या कामाची. जावाचा इंटिजर वाचणारा कोड देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारतो. वयाच्या टेक्स्ट फील्डमध्ये ‘३०’ असं देवनागरीत लिहिलं तरी ते ३० म्हणूनच वाचलं जातं. पण पॅटर्न ॲनोटेशनमध्ये अंकासाठी बॅकस्लॅश-डी लिहिलं असेल तर जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला मूळ सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) कळतात. मग एकाच फॉर्ममध्ये वय देवनागरीत चालतं, पण फोन नंबर देवनागरीत लिहिला की मेसेज येतो, ‘फक्त अंक लिहा’. समोरच्या माणसाने अंकच लिहिलेले असतात! इथे मेसेज सुधारण्यापेक्षा नियम सुधारणं बरं. आलेले अंक आधी इंग्रजी करून घ्या आणि मग तपासा, मेसेजची गरजच उरणार नाही. खरं तर स्पेस, डॅश, पुढची-मागची मोकळी जागा या सगळ्यांबद्दल हेच म्हणता येईल. जे आपण गुपचूप दुरुस्त करू शकतो त्याबद्दल वापरकर्त्याला टोकण्यात अर्थ नाही.

आणि चुकलेलं मूल्य फील्डमध्ये तसंच परत दिसू द्या. थाइमलीफचं फील्ड ॲट्रिब्यूट आणि स्प्रिंगचे फॉर्म टॅग हे आपोआप करतात, अगदी रूपांतर न झालेला ‘तीस’सुद्धा परत दाखवतात. जुन्या जेएसपीत कुणी हाताने व्हॅल्यू लिहिली असेल तर तिथे फील्ड कोरं होतं. अशी पानं शोधून बदला. पासवर्ड मात्र परत भरून पाठवू नका.

एक प्रकार ना इकडचा ना तिकडचा: ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’. आधी तपासून मग सेव्ह करणं ठीक, पण दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर दोघींनाही तपासणीत हिरवा कंदील मिळतो आणि दुसरी डेटाबेसच्या युनिक कन्स्ट्रेंटवर (तेच मूल्य दुसऱ्यांदा नको या नियमावर) आपटते. म्हणजे तपासणीबरोबर डेटाइंटिग्रिटीव्हायोलेशन एक्सेप्शन पकडणंही आलंच. इथे लोक एका जागी हमखास अडखळतात. ट्रान्झॅक्शनल सर्व्हिस मेथडच्या आत सेव्हभोवती कॅच लावतात आणि तो कधी चालतच नाही, कारण हायबरनेट बऱ्याचदा इन्सर्ट लगेच पाठवत नाही, कमिटच्या वेळी, म्हणजे बदल पक्के करताना, पाठवतं. तोवर तुमची मेथड संपलेली असते. कॅच कंट्रोलरमध्ये लावा, सर्व्हिसच्या बाहेर, आणि तिथून रिजेक्टव्हॅल्यूने ती चूक ईमेलच्या फील्डवर नोंदवून तोच फॉर्म परत द्या. कन्स्ट्रेंटला नाव स्वतः द्या, म्हणजे नेमका कोणता नियम मोडला ते ओळखता येईल. नाहीतर परकीय किल्लीची (दुसऱ्या टेबलशी जोडणाऱ्या फॉरेन कीची) चूकसुद्धा ‘ईमेल आधीच नोंदलेला आहे’ म्हणून दाखवाल.

रीडायरेक्टचं उत्तर छोटं आहे. रीडायरेक्ट म्हणजे ब्राउझरने नव्याने केलेली विनंती. मॉडेलमध्ये ठेवलेला मेसेज जुन्या विनंतीबरोबर संपतो. पण त्याआधी विचारा, चूक असताना रीडायरेक्ट करताच कशाला? फॉर्ममध्ये चूक असेल तर रीडायरेक्ट नको, तोच व्ह्यू परत द्या. चुका आणि भरलेली मूल्यं दोन्ही त्याच विनंतीत हाताशी असतात. काम यशस्वी झालं की रीडायरेक्ट करा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर फॉर्म पुन्हा सबमिट होणार नाही. यशाचा मेसेज, किंवा ‘ही नोंद आता अस्तित्वात नाही’सारखी चूक दाखवून यादीच्या पानावर न्यायचं असेल तेव्हाचा मेसेज, रीडायरेक्टॲट्रिब्यूट्सच्या ॲडफ्लॅशॲट्रिब्यूटने पाठवा. तो सेशनमध्ये थांबतो, पुढच्या विनंतीत दिसतो आणि मग निघून जातो. नुसतं ॲडॲट्रिब्यूट लिहिलंत तर मेसेज यूआरएलमध्ये जातो. मग कुणीही तुमच्या पत्त्यापुढे हवं ते वाक्य जोडून लिंक फिरवू शकतो आणि तुमचं पान ते इमानदारीत दाखवेल.

याच ओघात एस्केपिंग, म्हणजे छापताना मजकुरातली एचटीएमएलची चिन्हं निष्प्रभ करणं. ‘अमुक नावाची नोंद सापडली नाही’ यातलं अमुक वापरकर्त्याने लिहिलेलं आहे. थाइमलीफच्या टेक्स्टमध्ये ते सुरक्षित असतं, यूटेक्स्टमध्ये नसतं. जेएसपीत डॉलर-कंसात सरळ छापलेलं मूल्य एस्केप होत नाही, सी-आउट वापरा. चुकीच्या मेसेजमधून स्क्रिप्ट चालवणं हा जुना आणि अजूनही चालणारा मार्ग आहे.

आता आपल्या चुका, म्हणजे सिनियरांचं राज्य. ‘काहीतरी चुकलं’ एवढंच म्हटलं तर वापरकर्त्याला तीन प्रश्न पडतात: माझी माहिती सेव्ह झाली का, पुन्हा बटण दाबू का, आणि कुणाला सांगू. पैसे भरण्याच्या पानावर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो पुन्हा बटण दाबेल आणि दोनदा पैसे कापले गेले म्हणून तुमच्याकडेच येईल. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य पुन्हा प्रयत्न करणं खरोखर निर्धोक असेल तिथेच ठेवा. जिथे नक्की सांगता येत नाही तिथे तसंच सांगा: ‘व्यवहार पूर्ण झाला की नाही हे आत्ता सांगता येत नाही. पुन्हा करण्याआधी व्यवहारांची यादी पाहा.’

तिसऱ्या प्रश्नासाठी संदर्भ क्रमांक द्या. पानावर क्रमांक, लॉगमध्ये तोच क्रमांक आणि त्यासोबत पूर्ण स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठून कशी आली त्याची यादी). आठ अक्षरं पुरतात. अख्खा यूयूआयडी (आपोआप तयार होणारा एकमेव क्रमांक) ३६ अक्षरांचा असतो, तो फोनवर वाचून दाखवायला लावणं म्हणजे छळ. शून्य आणि ओ, एक आणि आय या जोड्या वगळा.

हे करताना कुठे ठेच लागते ते सांगून ठेवतो. क्रमांक सर्वांत बाहेरच्या फिल्टरमध्ये (कंट्रोलरच्या आधी विनंती ज्यातून जाते त्या कोडमध्ये) तयार करून एमडीसीत, म्हणजे लॉगच्या प्रत्येक ओळीला जोडता येणाऱ्या माहितीत, ठेवायची पद्धत आहे आणि फायनलीमध्ये तो पुसायचाही असतो. पण न पकडलेलं एक्सेप्शन टॉमकॅट सर्व्हर लॉग करतो तो फिल्टर संपल्यानंतर, म्हणजे ज्या ओळीत क्रमांक सर्वांत जास्त हवा तिथेच तो नसतो. म्हणून फिल्टरमध्येच एक्सेप्शन पकडा, क्रमांकासकट लॉग करा आणि पुन्हा फेका. लॉगमध्ये तीच गोष्ट दोनदा येईल, चालेल. क्रमांक रिक्वेस्ट ॲट्रिब्यूटमध्येही ठेवा. एरर पानाकडे नियंत्रण जातं तेव्हा तेच रिक्वेस्ट ऑब्जेक्ट पुढे जातं, त्यामुळे पानावर तो तिथून छापता येतो. लॉगमध्ये एक्सेप्शनचा मजकूर जोडून भागवू नका. एक्सेप्शन स्वतः शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून द्या, तरच स्टॅक ट्रेस मिळेल.

सगळे ट्राय-कॅच काढून एक कंट्रोलरॲडव्हाइस (सगळ्या कंट्रोलरच्या चुका एका जागी हाताळणारा क्लास) लिहा, असा सल्ला तुम्हाला कुणीही देईल. बरोबरच आहे. फक्त त्यात सरसकट ‘एक्सेप्शन’ क्लास पकडणारी मेथड टाकू नका. मेथडवरच्या परवानगीमुळे स्प्रिंग सिक्युरिटीने फेकलेलं ॲक्सेसडिनाइड तीत अडकतं आणि ४०३चं (परवानगी नाही) ५०० (सर्व्हरची चूक) होतं. लॉगिन नसलेल्याला लॉगिनच्या पानावर पाठवायचं कामही थांबतं. स्प्रिंग बूट ३.२ पासून न सापडलेली स्टॅटिक फाइलसुद्धा एक्सेप्शन म्हणून येते, तिचंही ४०४ऐवजी ५०० होईल. ॲडव्हाइसमध्ये तुमची ओळखीची एक्सेप्शन्स पकडा. बाकीचं वर जाऊ द्या आणि टेम्प्लेट्सच्या एरर फोल्डरमध्ये ४०४ आणि ५एक्सएक्स नावाची पानं ठेवा. फिल्टरमध्ये फुटलेल्या चुका ॲडव्हाइसपर्यंत कधीच पोचत नाहीत, त्यांनाही हीच पानं सांभाळतात. एरर डॉट जेएसपी लिहून बूटचं मूळ पान बदलेल अशी आशा ठेवू नका, तसं होत नाही. आणि ती पानं साधी ठेवा: डेटाबेसमधून मेनू आणणारा हेडर एरर पानावर लावलात तर डेटाबेस पडल्यावर एरर पानही पडेल.

स्प्रिंग बूट २.३, म्हणजे २०२० पासून एररच्या उत्तरात एक्सेप्शनचा मजकूर मूळ सेटिंगमध्ये येत नाही. तुमच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये कुणी इन्क्लूड-मेसेज ‘ऑलवेज’ करून ठेवलं आहे का ते बघा. नव्या आवृत्तीवर गेल्यावर ‘मेसेज दिसेना’ म्हणून घाईत केलेला हा बदल बऱ्याच प्रोजेक्टांत सापडतो.

लॉगिनवर मात्र सिनियरांचंच ऐका, ताईंनी कितीही बग नोंदवले तरी. नाव चुकलं की पासवर्ड, ते वेगवेगळं सांगू नका. स्प्रिंग सिक्युरिटी वापरकर्ता सापडला नाही ही गोष्ट मुळातच ‘बॅड क्रेडेन्शियल्स’मागे झाकते. ते झाकण कुणी उघडलं असेल तर बंद करा. ‘पासवर्ड विसरलात?’ या पानावरही तेच: ‘या पत्त्यावर खातं असेल तर मेल पाठवला आहे’, खातं असो वा नसो. वर ‘ईमेल आधीच नोंदलेला आहे’ असं दाखवायला सांगितलं ते आतल्या, लॉगिन केलेल्या लोकांच्या फॉर्मसाठी. उघड नोंदणीच्या पानावर तो मेसेज द्यायचा का, हे तुमचं ॲप्लिकेशन कशाचं आहे त्यावर ठरेल. खातं असणं हीच खासगी गोष्ट असेल तर तिथेही मेलनेच कळवा.

मराठी मेसेजचं निदान पानावर काय दिसतं त्यावरून होतं. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चित्रविचित्र चिन्हं दिसत असतील तर यूटीएफ-८ मधली फाइल कुणीतरी आयएसओ ८८५९-१ समजून वाचली आहे. जावा ९ पासून रिसोर्स बंडल यूटीएफ-८ वाचतात, पण प्रॉपर्टीज क्लासला इनपुटस्ट्रीम दिली तर तो आजही जुन्याच पद्धतीने वाचतो. स्प्रिंगचा रिसोर्सबंडलमेसेजसोर्स स्वतःच्या हाताने तयार केला असेल तर त्यालाही एन्कोडिंग सांगावं लागतं. बूट ते स्वतःहून यूटीएफ-८ ठेवतं. नुसती प्रश्नचिन्हांची रांग असेल तर वाचन ठीक आहे, पाठवताना घोळ आहे. जुन्या जेएसपीच्या वर कॅरेक्टरसेट लिहिलेला नसणार. आणि प्रश्नचिन्हांच्या मधे मेसेजची किल्ली दिसत असेल तर एन्कोडिंगचा संबंधच नाही, ती किल्ली फाइलमध्ये नाही. थाइमलीफ दोन-दोन आणि जेएसटीएल तीन-तीन प्रश्नचिन्हं लावून तसं कळवतात. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमच्याकडे हे सगळे प्रकार एकत्र नांदताहेत.

क्रम विचारलात तर: टाइपमिसमॅचच्या ओळी आज लिहा. मग एरर पानं आणि संदर्भ क्रमांक करा, कारण त्यानंतर कॅच काढायला भीती वाटणार नाही. मग कंट्रोलरमधले गेटमेसेज शोधून एकेक पान घ्या, ज्या पानाचे स्क्रीनशॉट जास्त येतात ते आधी. प्रत्येक पानावर ताईंना सोबत बसवा. त्या मुद्दाम चुकीचं भरतील तसं तुम्हाला सुचणार नाही.

ता. क. टोस्ट राहिलाच. ‘सेव्ह झालं’ यासाठी तीन सेकंदांचा टोस्ट चालेल, चुकीसाठी नको. हळू वाचणाऱ्याला, मोठं करून वाचणाऱ्याला किंवा त्या क्षणी दुसरीकडे पाहणाऱ्याला तो सापडणारच नाही. चूक फील्डखाली दुरुस्त होईपर्यंत राहू द्या, एरिया-डिस्क्राइब्डबाय ॲट्रिब्यूटने ती फील्डशी जोडा म्हणजे स्क्रीन रीडर वाचेल, आणि नुसत्या लाल रंगावर विसंबू नका.